कावेरीचा मासा, लोणावळ्याचा मासा

१९४६ साली म्हैसूर संस्थानातल्या काबिनी नदीत जे. डी वेट व्हॅन इंजेन यांच्या गळाला एक महसीर लागला. वजन भरले १२० पौंड, म्हणजे जवळपास ५४ किलो. मेलेल्या वाघ-बिबट्यांत पेंढा भरून देण्याच्या कामासाठी व्हॅन इंजेन घराणे त्या काळी जगभर प्रसिद्ध होते. मोठी जनावरे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. तरीही हा मासा त्या घराण्याच्या नावाला कायमचा चिकटला, कारण गळाने धरलेल्या महसिराचा तो विक्रम आजवर मोडलेला नाही.

तो मोडेल अशी आशाही आता कोणी धरत नाही. कावेरी आणि तिच्या उपनद्यांतला हा कुबडाचा महसीर गळ टाकणाऱ्यांना दीडशे वर्षे माहीत होता. पुस्तकांत त्याची वर्णने होती, क्लबांच्या भिंतींवर छायाचित्रे होती. नव्हते ते पक्के शास्त्रीय नाव. ते २०१८ च्या जूनमध्ये ठरले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत हा मासा 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला. या पायरीच्या पुढची पायरी म्हणजे निसर्गातून नाहीसे होणे.

मधल्या काळात काय घडले याची गोष्ट कावेरीच्या काठावर सुरू होत नाही. ती पुण्याजवळ आणि लोणावळ्यात सुरू होते. म्हणून ती मराठी वाचकाने नीट समजून घ्यावी असे मला वाटते.

आधी मासा कसा आहे ते पाहू. डोक्यामागून त्याच्या पाठीची रेषा एकदम उंच चढते आणि तिथे कुबड दिसते. परांवर आणि शेपटीवर केशरी झाक असते. तोंडाशी मिश्यांच्या दोन जोड्या. जबड्यात दात नाहीत, पण घशात आहेत, आणि त्यांच्या जोरावर तो गोगलगायी आणि खेकडे कवचासकट भरडतो. काठावरच्या झाडांची पाण्यात पडलेली फळे त्याला चालतात, लहान मासेही चालतात. त्याला लागते ते वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी. उन्हाळ्यात आसऱ्याला खोल डोह हवेत आणि पावसाळ्यात अंडी घालायला गोट्यांचा तळ. महसिराच्या सगळ्याच जातींची अंडी मोठी, जड आणि संख्येने थोडी असतात. रोहूसारखा मासा एका हंगामात लाखोंनी अंडी टाकतो. महसिराची अंडी त्या मानाने फारच कमी, आणि तीही एकदम न घालता टप्प्याटप्प्याने घातलेली. ती गोट्यांच्या फटींत जाऊन बसतात. त्यातून निघालेले पिल्लू पहिले काही दिवस पोहत नाही, तळाशी अंधारात दडून राहते. तळावर गाळ बसला किंवा वाळूसाठी तळच उपसला, तर ती पिढी तिथेच संपते.

हा मासा जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात आहे. असे का व्हावे, हे कळले की पुढचे सगळे कळते. पक्षी डोंगर ओलांडतो, वाघ रात्रीत एका रानातून दुसऱ्या रानात जातो. नदीच्या माशाला पाण्याच्या वाटेखेरीज वाट नाही. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री एकाच गोमुखातून येतात अशी श्रद्धा आहे. पण तिथून सावित्री अरबी समुद्राकडे जाते आणि कृष्णा सारे पठार ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. दोघींची उगमस्थाने चालत जाण्याइतकी जवळ असली, तरी एकीतल्या माशाला दुसरीत जाता येत नाही. लाखो वर्षे अशी ताटातूट झाली की प्रत्येक खोऱ्यात वेगळे मासे घडतात. सह्याद्रीच्या नद्यांत २०११ च्या पाहणीनुसार गोड्या पाण्यातले सुमारे २९० जातींचे मासे आहेत, आणि त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक जगात इतरत्र कुठेच नाहीत. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग गोड्या पाण्याने व्यापलेला नाही, तरी माशांच्या जवळपास निम्म्या जाती त्यातच राहतात, याचेही मुख्य कारण हेच. खोऱ्यांच्या भिंतींनी त्या घडवल्या. मात्र जो जीव एकाच खोऱ्यात राहतो, त्याला ते खोरे बिघडले की जायला जागा नसते. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत गोड्या पाण्यातले मासे, चतुर आणि खेकडे-झिंग्यांच्या गटातले प्राणी मिळून २३ हजारांहून अधिक जाती तपासल्या गेल्या. त्यांतली सुमारे एक चतुर्थांश नष्ट होण्याच्या वाटेवर असल्याचे दिसले.

आता पुण्याकडे वळू. कर्नल विल्यम साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता. शेतसारा, पाऊस, पिके यांच्या जोडीने त्याने मासेही नोंदले, आणि त्यांना लॅटिन साज चढवताना भोई-कोळ्यांच्या तोंडची नावे तशीच ठेवली. पुण्याच्या पूर्वेला आठेक मैलांवर मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेल्या महसिराला त्याने १८३९ मध्ये 'खुद्री' हे नाव दिले. हाच दख्खनचा महसीर. परांवर निळसर-करडी छटा असल्यामुळे तो पुढे निळ्या परांचा महसीर म्हणून ओळखला गेला. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातला हा मूळ रहिवासी. ज्या मुळा-मुठेतून तो शास्त्राला माहीत झाला, त्या पात्रात आज पुणे-पिंपरीचे सांडपाणी वाहते, आणि शहराच्या हद्दीत तो मिळण्याचा प्रश्नच उरलेला नाही.

पण त्याच नद्यांच्या उगमाकडे तो टिकून राहिला, आणि तोही धरणांच्या पाण्यात. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथे वीजकेंद्रे उभारली. पहिले सुरू झाले १९१५ मध्ये. त्यांच्यासाठी वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी असे तलाव बांधले गेले. मुळशीच्या धरणाने मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन गेली आणि १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. नदीतल्या माशांचे काय झाले हे त्या वेळी कोणी विचारले नाही. महसिराचा खाली जाण्या-येण्याचा रस्ता तुटला, पण तलावाला वरून मिळणारे ओढे शाबूत राहिले. पाऊस पडला की तलावातले मासे त्या ओढ्यांच्या तोंडाशी जमत आणि अंडी घालत.

महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशांचा बारकाईने अभ्यास केला. दख्खनच्या महसिराची अंडी, त्यांची वाढ आणि पिल्लांचे पहिले दिवस यांवरचा त्यांचा निबंध १९७१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढे त्यांनी आणि एस. एन. ओगले यांनी वळवण तलावाकाठच्या टाटांच्या केंद्रात या माशाचे बीज कृत्रिम रीतीने तयार करण्याची पद्धत बसवली. पावसाळ्यात तयार झालेली मादी धरायची, पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढायची, नराचे रेत त्यांवर मिसळायचे, आणि वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची. ओलसर कापसात ठेवलेली अंडी दूरच्या प्रवासाला पाठवता येतात, हेही त्यांनी दाखवून दिले. त्या काळी देशभरातून महसीर घटत असल्याच्या बातम्या येत होत्या. अशा वेळी लोणावळ्याने हजारोंनी, मग लाखोंनी बोटुकली तयार करून दाखवली. हे काम खरोखर मोठे होते. त्यामागचा जिव्हाळा आणि चिकाटी यांविषयी मला आदर वाटतो, आणि पुढे जे लिहितो आहे ते वाचताना वाचकाने हा आदर लक्षात ठेवावा.

ही बोटुकली अनेक राज्यांना दिली गेली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ती कावेरीतही पोहोचली. कावेरीत महसीर कमी झाले आहेत, लोणावळ्यात महसिराचे बीज आहे, तेव्हा इथले तिथे सोडावे, हा हिशेब सर्वांना सरळ वाटला. पुढे कोडगू जिल्ह्यातल्या हारंगी इथे कर्नाटकाच्या मत्स्य खात्यानेही निळ्या परांच्या महसिराचेच बीज तयार करायला घेतले. सोडणाऱ्यांच्या लेखी महसीर तो महसीर. कावेरीतला मासा निराळा आहे हे डोळ्यांना दिसत होते, पण निराळा म्हणजे निराळी जात, आणि ती जगात दुसरीकडे कुठेच नाही, हे कोणी तपासले नव्हते.

नदीकाठी दरम्यान एक वेगळीच चळवळ उभी राहत होती. हेन्री सुलिव्हन थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले, तेव्हापासून महसिराची कीर्ती विलायतेत पोहोचलेली होती. स्वातंत्र्यानंतर ती विरली. १९७७ मध्ये तिघे ब्रिटिश गळवाले महसिराच्या शोधात भारतभर हिंडले आणि कावेरीत त्यांना अजून प्रचंड मासे सापडले. त्यातून भीमेश्वरी, दोड्डमकळी, गालिबोरे या ठिकाणी तळ उभे राहिले. नियम एकच होता : पकडलेला मासा वजन करून पुन्हा पाण्यात सोडायचा. नदी शिकाऱ्यांपासून राखण्यासाठी स्थानिक माणसे नेमली गेली, आणि त्यांतले बरेच जण पूर्वी स्वतःच जिलेटीनचे तोटे टाकून मासे मारणारे होते. नदीचा कोपरा न् कोपरा त्यांना माहीत होता. आता तेच वाटाड्ये झाले आणि तेच राखणदार.

गालिबोरेच्या तळावर रोजची वही ठेवली जाई. किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, वजन किती. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या. २३,६२० तासांची मासेमारी आणि ६,१६१ महसीर. सर्वांत लहान एक पौंडाचा, सर्वांत मोठा १०४ पौंडांचा. तासाला मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत गेलेली दिसत होती. कुणाही अधिकाऱ्याने अहवालात अभिमानाने मांडावी अशी ही आकडेवारी होती. राखण केली, नदी भरली, महसीर परतले.

मग त्यांनी नोंदी जातवार वेगळ्या केल्या. वाढलेला सगळा आकडा निळ्या परांच्या माशाचा होता. कुबडाचे मासे दर वर्षी कमी होत गेलेले. त्याहून वाईट गोष्ट वजनाच्या रकान्यात दडलेली होती. जे थोडे कुबडाचे मासे लागत, ते दर वर्षी सरासरीने अधिकाधिक मोठे निघत. वरवर पाहता ही आनंदाची बातमी. मोठा मासा कोणाला नको असतो? पण लहान मासे गळाला लागतच नाहीत याचा अर्थ ते नदीत नाहीत. जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेत पहिलीत एकही नाव दाखल होत नाही, वरच्या वर्गांतली मुले मात्र दर वर्षी एकेक इयत्ता पुढे जात राहतात, तसे ते होते. वर्षभरानंतर पुन्हा पाहिले तर मुले मोठी झालेली दिसतात, आणि शाळा बंद पडायला आलेली असते. कुबडाचा महसीर दीर्घायुषी आहे. म्हाताऱ्या माशांच्या जोरावर नदी कित्येक वर्षे भरलेली भासत राहिली, आणि नवी पिढी उभीच राहत नव्हती.

एकूण आकडा वाढतो आहे म्हणून समाधान मानणाऱ्या साऱ्या संवर्धनाला या वहीने धडा दिला आहे. मासे मोजताना कोणता मासा मोजतो आहोत हे आधी ठरवावे लागते.

ते ठरवणे मात्र सोपे नव्हते, कारण कागदोपत्री गोंधळ जुना होता. साइक्सने दख्खनमधून 'मुसुल्ला' नावाचा आणखी एक मोठा मासा नोंदला होता. १९४० च्या दशकात भारतीय मत्स्यशास्त्राचे मोठे नाव असलेल्या सुंदरलाल होरा यांनी कावेरीचा कुबडाचा महसीर म्हणजेच साइक्सचा मुसुल्ला असे मानले, आणि पुढची सत्तरेक वर्षे तो त्याच नावाने वावरला. प्रत्यक्षात मुसुल्ला हा कृष्णेच्या खोऱ्यातला, महसिराहून वेगळ्या प्रजातीतला मासा. २०१३ च्या सुमारास हे स्पष्ट झाले, आणि कावेरीचा विक्रमी मासा एकाएकी निनावी झाला. निनावी माशाला लाल यादीत जागा नसते, म्हणजे त्याच्यासाठी कायदा, निधी, योजना यांपैकी काहीही मागता येत नाही.

उत्तर केरळात सापडले. केरळच्या बहुतेक नद्या पश्चिमेला वाहतात. काबिनी, भवानी आणि पांबार या तीन तेवढ्या पूर्वेकडे जातात आणि तिन्हींचे पाणी कावेरीत येते. चिन्नार अभयारण्यातून वाहणाऱ्या पांबारमधल्या काही लहान माशांवरून मधुसूदन कुरूप आणि के. व्ही. राधाकृष्णन यांनी आधीच एक नवी जात वर्णिली होती. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्यावरून तिला 'रेमादेवी' हे नाव दिलेले होते. ती पिल्ले होती. ती मोठी होऊन मणाच्या वर भरतील हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले नाही. कावेरीच्याच खोऱ्यातल्या मोयार नदीतून मिळालेल्या कुबडाच्या महसिरांची अंगलक्षणे आणि डीएनए यांच्याशी ताडून पाहिल्यावर दोन्ही मासे एकच निघाले. टॉर रेमादेवी हे आता त्याचे नाव.

याच सुमारास लाल यादीत निळ्या परांच्या महसिराची फेरतपासणीही झाली. पूर्वी संकटग्रस्त मानलेला हा मासा 'फारशी चिंता नाही' या गटात आला. लोणावळ्याचे काम सार्थकी लागले असे एका अर्थाने म्हणता येईल. त्याच कामाचा दुसरा परिणाम मात्र कावेरीत दिसत होता.

सगळा दोष या पाहुण्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कावेरी त्याच्या आधीपासून बदलत होती. शिवनसमुद्रावर १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी वीज तयार होऊ लागली. मग कृष्णराजसागर झाले, १९३४ मध्ये खाली मेट्टूर झाले, सत्तरच्या दशकात काबिनीवर धरण आले. समुद्राकडून घाटापर्यंत सलग वाहणारी नदी तुकड्यांत वाटली गेली. वीजकेंद्र पाणी सोडील तसे खालचे पात्र भरते आणि उतरते. आज पाण्याखाली असलेला गोट्यांचा पट्टा उद्या उघडा पडतो, आणि त्यात अंडी असली तर ती सुकतात. बेंगळूरुचे सांडपाणी वृषभावतीतून अर्कावतीत आणि अर्कावतीतून संगमाला कावेरीत येते. वाळूचा उपसा आहे, जिलेटीन आहे. बाहेरून आलेली चिलापी आहे, आफ्रिकी मांगूर आहे. अशा मोडक्या नदीत, जिथे मूळच्या माशाला पिल्ले वाढवणे कठीण झाले होते, तिथे दर वर्षी उबवणकेंद्रातून एक दणकट, लवकर जुळवून घेणारा भाऊबंद सोडला गेला. तेच डोह, तेच खाद्य, तोच गोट्यांचा तळ. त्याला बाहेरून दर वर्षी कुमक मिळत होती आणि घरच्या माशाला कोणाचीच नव्हती.

बीज सोडण्याच्या या सवयीबद्दल मला काळजी वाटते, कारण ती एका माशापुरती नाही. आपल्याकडे जलाशय झाला की त्यात मत्स्यबीज सोडायचे हा ठरलेला कार्यक्रम आहे. कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेतल्या मोठ्या नद्यांचे मासे दक्षिणेतल्या धरणाधरणांत आहेत. उजनीच्या बाजारात चिलापी ढिगाने येते, आणि भीमेच्या मूळच्या माशांची नावे भोयांच्या तरुण पोरांना आता सांगता येत नाहीत. पोटासाठी केलेली मत्स्यशेती हा वेगळा विषय आहे. तिची गरज मी नाकारत नाही. पण संवर्धनाच्या नावाने कार्यक्रम होतो, पाहुणे येतात, पिशवीतली बोटुकली पाण्यात सोडताना छायाचित्र निघते, आणि ती बोटुकली कोणत्या खोऱ्यातली हे विचारलेही जात नाही. तेव्हा त्या कार्यक्रमाने माशांचे भले झाले असे समजू नये. बीज सोडणे सोपे आहे, दिसायला चांगले आहे आणि त्याचा आकडा लगेच सांगता येतो. नदीत पाणी वाहते ठेवणे, वाळू थांबवणे, सांडपाणी अडवणे यांतले काहीही एका दुपारी होत नाही.

कावेरीवर राखणीची जी घडी बसली होती तीही पुढे विस्कटली. २०१२ च्या सुमारास संरक्षित वनक्षेत्रांत गळाची मासेमारी बंद झाली. मासा सोडून दिला तरी धरणे ही शिकारच, असा वन्यजीव कायद्याचा अर्थ लावला गेला. माशाला गळ टोचतो, त्याचा ताण त्याला सोसावा लागतो, हे खरेच आहे. पण तळ उठले तसे पगारी राखणदारही उठले, आणि रात्री नदीवर कोण उतरते हे पाहणारे डोळे कमी झाले. राखण कोणी करायची आणि तिचे पैसे कुठून यायचे याची सोय आधी लावून मग बंदी आणायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक नुकसान झाले : ती वही बंद पडली. पंधरा वर्षांची सलग नोंद देणारा दुसरा कोणताही स्रोत या नदीवर नव्हता.

राखणीची आपली एक जुनी रीत मात्र अजून उभी आहे. महाडजवळ सावित्रीच्या खोऱ्यात वाळणकोंडीच्या डोहातले महसीर देवीचे मानले जातात. कोणी त्यांना धरत नाही, लोक लाह्या-चुरमुरे टाकतात आणि मोठाले मासे पृष्ठभागावर येतात. वाड्याजवळ वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराचे मासे आहेत. कर्नाटकात शृंगेरीला तुंगेच्या घाटावर, शिशिलाला कपिलेत, आणि खुद्द कावेरीत रामनाथपुर इथे असेच देवाचे मासे आहेत. शिशिलाला १९९६ मध्ये कोणी विष टाकले आणि शेकडोंनी मासे मेले. गावकऱ्यांनी त्यांचे स्मारक बांधले, आणि ते आजही तिथे आहे. सरकारी फलक आणि दंडाच्या तरतुदी जे करू शकल्या नाहीत ते या डोहांनी केले आहे.

तरी त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. देवाची हद्द घाटाच्या पायऱ्यांपाशी संपते. मासा पावसाळ्यात अंडी घालायला वर जातो तेव्हा त्या हद्दीबाहेर पडतो. वर बंधारा असेल, खाली कारखान्याचे पाणी येत असेल, तर डोहात मोठे मासे दिसत राहतील आणि गालिबोरेच्या वहीत दिसले तेच इथेही घडेल. महाडची औद्योगिक वसाहत याच सावित्रीच्या खोऱ्यात आहे. वाळणकोंडीला जाणाऱ्याने मोठ्या माशांबरोबर बोटभर लांबीची पिल्ले दिसतात का तेही पाहावे. डोहाची खरी तब्येत त्यांवरून कळते.

कुबडाच्या महसिराचा शेवटचा भक्कम आसरा म्हणून आज मोयारकडे पाहिले जाते. निलगिरीच्या उत्तर अंगाने खोल घळीतून ही नदी वाहते. एका बाजूला बंडीपूर, दुसऱ्या बाजूला मुदुमलाई, पुढे सत्यमंगलम. तिन्ही व्याघ्रप्रकल्प. वाघ आणि हत्तींसाठी राखलेल्या रानाने अजाणता एक मासाही राखला. वर पायकारा आणि मोयारची वीजकेंद्रे आहेत, खाली भवानीसागर धरण आहे. मधल्या तुकड्यात नदी अजून बऱ्याच अंशी स्वतःच्या तळावरून वाहते. इथे महसीर ट्रस्ट, केरळचे मत्स्य विद्यापीठ आणि इतर संस्थांचे अभ्यासक काम करतात. २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने दुर्लक्षित प्राण्यांच्या संवर्धनासाठी जो निधी जाहीर केला, त्यात सिंहपुच्छ वानर, मद्रासी जाहक आणि तरस यांच्या पंक्तीला हा मासाही आहे. एखाद्या राज्याने नदीतल्या माशाला रानातल्या प्राण्यांच्या बरोबरीने बसवावे, ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे.

पुढचे काम काय, यावर जाणकारांत फारसे दुमत नाही. मोयार, पांबार आणि कोडगूतल्या वरच्या कावेरीत जे मासे उरले आहेत त्यांचे तळ आणि त्यांचे पाणी आधी राखायचे. बंदिस्त पैदास करायची वेळ आलीच, तर जनक मासे याच खोऱ्यातले घ्यायचे, त्यांची वंशपरीक्षा करायची आणि पिल्लेही इथेच सोडायची. त्या वेळी लोणावळ्यात पन्नास वर्षांत साठलेले हातचे कसब उपयोगी पडेल, कारण मादीच्या पोटावर नेमका किती दाब द्यायचा हे निबंध वाचून येत नाही. आणि मेकेदाटूपाशी ६७ टीएमसीचा जलाशय करण्याचा जो प्रस्ताव कर्नाटकाने मांडला आहे, त्याचा हिशेब करताना गालिबोरे आणि संगम यांच्या आसपासची वाहती नदी पाण्याखाली जाईल, ही बाजूही मांडायची. त्या वादात आजवर बोलले गेले ते बेंगळूरुच्या नळांविषयी आणि तमिळनाडूच्या शेतांविषयी.

त्याहून आधी करायची गोष्ट साधी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. मोयारमध्ये आणि तिला मिळणाऱ्या कोणत्याही ओढ्यात, तलावात निळ्या परांच्या महसिराचे बीज कोणी सोडू नये, असा लेखी आदेश दोन्ही राज्यांच्या मत्स्य खात्यांनी काढायला हवा. बऱ्याच अंतरापर्यंत ही नदी कर्नाटक आणि तमिळनाडू यांची हद्द आहे, त्यामुळे एकाच काठावर आदेश निघून भागणार नाही.